आईचे गुडघे, बाबांचा स्टेंट आणि घरातली एकच स्ट्रिप

तुमचा प्रश्न मला असा समजला. आईंचं वय ६३, राहायला कळव्यात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखतात म्हणून जानेवारीत एका डॉक्टरांनी ॲसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. बरं वाटलं. मग तीच रिकामी स्ट्रिप दाखवून खालच्या मेडिकलमधून गोळ्या येत राहिल्या. आता चार महिने झाले, सकाळी एक आणि संध्याकाळी एक चालू आहे, सोबत पित्ताची गोळी. बीपीची गोळीही आहे, तिच्या नावापुढे ‘एच’ आहे. गेल्या पंधरा दिवसांत पावलं सुजायला लागली. बाबांना सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, आणि अंगात कणकण आली की तेही त्याच स्ट्रिपमधली एक घेतात. तुम्ही विचारताय की ही गोळी इतके दिवस चालते का, आणि हिच्याऐवजी सुरक्षित अशी दुसरी कुठली आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात ३१ वर्षं प्रॅक्टिस करते. हीच कहाणी थोड्याफार फरकाने मी दर आठवड्याला ऐकते. त्यातली अडचण गोळीच्या नावाची नसते. पाच दिवसांच्या गोळीचे चार महिने व्हावेत असं तुमच्या घरात कुणीच ठरवलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मेडिकलवाल्याने नाही, आईंनीही नाही. ते आपोआप झालं. आणि एका माणसासाठी आणलेली स्ट्रिप अख्ख्या घराची झाली. म्हणून गोळीचं नाव बदलून हा प्रश्न सुटणार नाही.

आधी आज काय करायचं ते सांगते. आईंची ही गोळी आजपासून थांबवा. ती हळूहळू कमी करत आणावी लागत नाही, एकदम थांबवली तरी चालते. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. या आठवड्यात बीपी मोजून घ्या आणि रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. ते रिपोर्ट घेऊन बीपीचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना भेटा, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. लघवी कमी झाली असेल, चालताना किंवा आडवं पडल्यावर दम लागत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल किंवा भोवळ येत असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कळव्यात पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहेच. (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही शौच काळी होते, ते डॉक्टरांना आधीच सांगा.)

आता कारणं. त्या एका गोळीत तीन वेगळी औषधं आहेत आणि तिन्हींचा हिशेब वेगळा आहे. ॲसिक्लोफिनॅक साधारण १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ आणि सेराशिओपेप्टिडेज १५.

खरं काम करतं ते ॲसिक्लोफिनॅक, आणि खरा धोकाही त्याचाच. सूज आणि ठणका निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं ते शरीरात तयार होऊ देत नाही. पण हीच रसायनं जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडात शिरणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गुडघ्यातली तेवढी बंद करायची आणि पोटातली चालू ठेवायची, अशी निवड गोळीला करता येत नाही. म्हणूनच या औषधाची दिवसाची कमाल मात्रा २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन गोळ्या. ‘आज जास्त दुखतंय’ म्हणून तिसरी घेतली की ती ओलांडली.

मूत्रपिंडाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आईंच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे. मूत्रपिंडाची गाळणी रक्ताच्या दाबावर चालते. सोसायटीत पाणी कमी दाबाने आलं की वरच्या मजल्यावरचा फिल्टर थेंब थेंब गळतो, तसंच. ॲसिक्लोफिनॅकमुळे आत येणारी नळी आवळते. बीपीची गोळी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन या जातीची असेल तर तिच्यामुळे बाहेर जाणारी नळी सैल होते. एरवी हे चांगलंच आहे, मूत्रपिंडाला त्याचा फायदाच होतो. आणि नावापुढचं ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवणारं औषध. त्याने शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होतं. तिन्ही एकाच वेळी चालू राहिलं की गाळणीवरचा दाब तिन्ही बाजूंनी उतरतो. काही दुखत नाही, काही जाणवत नाही. क्रिएटिनीन केल्याशिवाय कळत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी आईंची बीपीची स्ट्रिप पाहिलेली नाही. त्या गोळीत ॲम्लोडिपिनही असेल तर पावलांची सूज एकट्या त्यामुळेही येऊ शकते, आणि मग गोष्ट बरीच सोपी असते. ‘एएम’ किंवा ‘एएमएच’ अशी अक्षरं दिसतात का बघा, पण अक्षरांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचा. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात, कारण दुखण्याच्या या गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात. बीपी हल्ली वर राहतंय म्हणून डोस वाढवायला आलेल्या कितीतरी जणांच्या पिशवीत मला अशीच एखादी स्ट्रिप सापडलीय.

एक पेशंट मी विसरू शकत नाही. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणारे, ५६ वर्षांचे. बीपीची ‘एच’वाली गोळी आधीपासून चालू. कंबर धरली म्हणून मी हीच तीन औषधांची गोळी दिली आणि चिठ्ठीवर ‘गरज लागल्यास’ असं लिहिलं. गरज रोजच लागत गेली. मे महिन्यात दोन दिवस जुलाब झाले, त्या दोन्ही दिवशी दोन्ही गोळ्या त्यांनी नेमाने घेतल्या. आले तेव्हा क्रिएटिनीन १.० वरून ३.१ वर गेलेलं. सगळं थांबवलं, सलाईन लावलं, तीन आठवड्यांत ते १.३ वर आलं. पुन्हा १.० कधी झालं नाही. तेव्हापासून मी दुखण्याच्या गोळीपुढे ‘गरज लागल्यास’ लिहीत नाही, शेवटची तारीख लिहिते. आणि या दोन प्रकारच्या गोळ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना सांगते: उलट्या-जुलाब, कडक उपास, खूप ताप, उन्हात दिवसभर घाम, अशा दिवशी दुखण्याची गोळी नाहीच, आणि बीपीची घ्यायची की नाही, ते फोन करून विचारा.

याच घराण्यातल्या औषधाने मूत्रपिंडाचं काय होऊ शकतं याचं आपल्या देशातलं सर्वांत भीषण उदाहरण गिधाडांचं आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. ॲसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद करण्यात आलं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडापेक्षा पुष्कळ जास्त सोसतं, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण चार महिने, रोज दोन, वर बीपीची ती गोळी, हे सोसण्याच्या हद्दीवरचं आहे.

पोटाबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, ‘जेवणानंतर घेतली की काही होत नाही’. जेवणाने जळजळ कमी होते, पण व्रण होण्याचा धोका औषध रक्तात गेल्यावरही राहतो. इंजेक्शननेही तो टळत नाही. दुसरा, ‘पित्ताची गोळी आहे ना सोबत’. पँटोप्रॅझोलसारखी गोळी सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास घेतली तर जठराला चांगलं संरक्षण मिळतं, आईंच्या वयात ती द्यायलाच हवी. पण ते संरक्षण जठरापुरतं. मूत्रपिंड, बीपी आणि हृदय यांना पित्ताच्या गोळीचा काडीचा उपयोग नाही. आणि साठीनंतर पुष्कळांना पोटात काहीही न दुखता थेट रक्तस्राव होतो. हिमोग्लोबिन सांगितलं ते त्यासाठी.

पॅरासिटामॉल या तिघांत सर्वांत सौम्य, पण त्याची बेरीज चुकते. दोन गोळ्यांतून ६५० मिलिग्रॅम गेलं. त्याच दिवशी ताप आहे म्हणून डोलो ६५० तीनदा, म्हणजे १९५०. शिवाय सर्दीच्या गोळ्या, त्यांतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. बघता बघता तीन ग्रॅमच्या वर जातं. धडधाकट माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही शेवटची हद्द. मी घरी घेणाऱ्यांना तीन सांगते. यकृताचा आजार, रोजची दारू किंवा फार कृश शरीर असेल तर दोन.

सेराशिओपेप्टिडेज सूज उतरवतं म्हणून तीच गोळी हवी, असं आईंना वाटतं, हे तुम्ही लिहिलंय. लोकांना हे सांगताना मला नेहमी अवघड जातं, कारण त्यांचा अनुभव असतो की सूज उतरली. पण ती ॲसिक्लोफिनॅकने उतरलेली असते. सेराशिओपेप्टिडेज जपानमध्ये कितीतरी वर्षं विकलं गेलं. मग तिथे ते बिनऔषधी गोळीशी ताडून पाहिलं, फरक दिसला नाही, आणि ताकेदा कंपनीने २०११ मध्ये स्वतःहून ते बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे ते अजून मिळतं. मी लिहीत नाही.

बाजारात मिळतं म्हणजे कुणीतरी तपासलेलंच असणार, हा विश्वासही पुरता खरा नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. २०२४ च्या यादीत ५० मिलिग्रॅम ॲसिक्लोफिनॅक आणि १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी होती. आईंची १०० आणि ३२५ ची जोडी त्यात नाही. ती जोडी मुळात तर्काला धरून आहे, दोन्ही औषधं वेगळ्या वाटेने दुखणं कमी करतात. पाय मुरगळला, दाढ काढली, पाठीत उसण भरली, आणि माणूस चाळिशीचा, बीपी नाही, पोटाचा त्रास नाही, अशा वेळी मीही ती देते. तीन ते पाच दिवस. नावापुढे ‘एमआर’ असलेली स्ट्रिप निराळी, तिच्यात स्नायू सैल करणारं औषध असतं, त्याने गुंगी येते. चार मजले जिना उतरणाऱ्या ६३ वर्षांच्या बाईंना ती देऊ नका.

आता बाबा. त्यांच्यासाठी ही गोळी एक दिवसही नको. डायक्लोफिनॅक आणि त्याच्या भावंडांनी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, पक्षाघात किंवा हृदय कमजोर असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये असं ठरवलं. ॲसिक्लोफिनॅकलाही पुढे तोच नियम लागू झाला. स्टेंटनंतर बाबांची ॲस्पिरिन चालू असणार. तिच्यावर ही गोळी म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाची शक्यता आणखी वाढली.

त्यात ते तापासाठी घेतात. आता महिन्याभरात पाऊस सुरू होईल. ठाणे-कळव्यात पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी म्हटलं की माझ्या डोक्यात पहिले डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) येतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, आणि त्या दिवसांत ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन पोटात गेलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. लेप्टोत मूत्रपिंड आधीच अडचणीत असतं. तापाचं कारण कळेपर्यंत फक्त साधं पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. कॉम्बिफ्लामही नको, त्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आहे हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. स्टेंटवाल्या माणसाने ताप आला म्हणून ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने थांबवू नये. बाबांना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि थांबवायचं का ते त्यांनी ठरवायचं.

म्हणजे एकाच स्ट्रिपमुळे आईंना मूत्रपिंडाचा धोका आणि बाबांना हृदयाचा. ‘ही गोळी सुरक्षित आहे का’ याचं उत्तर तुमच्या एका घरातच दोन प्रकारे ‘नाही’ असं येतं, आणि तुम्हाला, तुम्ही तिशीचे आणि निरोगी असाल तर, पाय मुरगळल्यावर तीन दिवसांसाठी ‘हो’ असंही येऊ शकतं.

मग आईंच्या गुडघ्यांचं काय? दुखणं खरं आहे, ते सोसायला सांगणं मला मान्य नाही. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दिवसातून तीनदापर्यंत देता येईल. झिजलेल्या गुडघ्यावर त्याचा परिणाम बेताचाच असतो, हे आधीच सांगते. म्हणजे दोन दिवसांत ‘काही फरक नाही’ असं होणार नाही. त्याहून उपयोगी पडतं ते डायक्लोफिनॅकचं जेल. गोळीच्या मानाने फार थोडं औषध रक्तात जातं, आणि गुडघा वरवरचा सांधा असल्यामुळे तिथे ते चांगलं लागू पडतं. पण वाटाण्याएवढं लावून चालत नाही. पत्रकात दिलेल्या मापाने, दिवसातून तीन-चार वेळा, दोन आठवडे. क्रिएटिनीन वाढलेलं निघालं तर जेलही डॉक्टरांना विचारूनच. ते लावून वर शेकपिशवी ठेवू नका, शेकायचं ते वेगळ्या वेळी.

आणि मांडीचा व्यायाम. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच ते दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरायचा, हळू खाली. एका पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुडघ्याचा भार उचलणारा मांडीचा पुढचा स्नायू यानेच तयार होतो. फरक पडायला सहा आठवडे लागतात, म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी वर, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी खाली. काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात. जमिनीवर मांडी घालून बसणं काही महिने बंद, पूजेसाठी छोटं स्टूल घ्या. एक गुडघा अचानक लाल, गरम होऊन ठणकत असेल तर युरिक ॲसिडही तपासा, ‘एच’वाल्या गोळीने ते वाढतं आणि मग तो झिजेचा गुडघा नसून गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे येणारी सांध्याची सूज, असू शकतो.

रिपोर्ट आल्यावर एक काळजी घ्या. क्रिएटिनीन १.२ आलं आणि लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच्या रकान्यात दिसलं, तरी निश्चिंत होऊ नका. ६३ वर्षांच्या बाईंमध्ये १.२ म्हणजे गाळणीची क्षमता, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ती जेमतेम ५० च्या आसपास. तो आकडा लॅबला छापून द्यायला सांगा. तो ६० च्या खाली असेल तर मी आईंना या जातीची गोळी पुन्हा देणार नाही. चांगला असेल, बीपी ताब्यात असेल आणि सूज उतरली असेल, तर अगदीच वाईट दिवसांसाठी तीन-चार दिवसांचा कोर्स, पित्ताच्या गोळीसह, तारीख घालून, आणि शक्यतो बीपीचं औषध आधी बदलून, असा विचार तुमचे डॉक्टर करू शकतील. तो निर्णय रिपोर्ट समोर ठेवून त्यांनीच घ्यायचा.

गोळी बंद केल्यावर पहिले चार-पाच दिवस आईंना दुखणं वाढल्यासारखं वाटेल. माझ्या पेशंटपैकी बऱ्याच जणी याच दिवसांत खाली उतरून परत स्ट्रिप घेऊन येतात, कारण दूध, भाजी, कचरा, सगळ्यासाठी चार मजले चढ-उतार त्यांनाच करायची असते, आणि दुखत्या गुडघ्यांनी ती होत नाही. तुम्ही ऐरोलीत राहता, कळवा तिथून लांब नाही. तो आठवडाभर वरखाली करण्याचं काम तुम्ही घ्या, किंवा दूध-भाजी दारात येईल अशी व्यवस्था लावा. मेडिकलवाल्यालाही एकदा भेटून सांगून ठेवा की आईंना चिठ्ठीशिवाय ही गोळी देऊ नका. स्ट्रिपवर लाल रेघ असते ती त्याचसाठी, आणि तुम्ही नीट सांगितलंत तर तो ऐकेल.